भरीव टाक्याची कड करवतीसारखी का येते? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी साखळी टाक्याबद्दल लिहिलं तेव्हा शेवटी सहज म्हटलं होतं की आता आकार भरायला शिकूया, तर त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचं सदर अख्खं त्यालाच देतेय. कुणी साटीन टाका म्हणतं, कुणी सॅटिन स्टिच, आमच्या शाळेत शिवणाच्या बाई भरीव टाका म्हणायच्या, सगळं एकच. आकाराच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ टाका, त्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा, मध्ये कापड दिसायला नको. बस एवढंच. धावदोरा थोडा वाकडा गेला तरी खपून जातो, साखळीत एखादी कडी लहान-मोठी झाली तरी कुणाचं लक्ष जात नाही, भरीव टाक्यात मात्र केसभर चूक लगेच दिसते, म्हणून तुमची चिडचिड होतेय ती मला अगदी कळतेय. आलेले प्रश्न वाचले तर निम्म्याहून जास्त कडेबद्दलच आहेत, मग तिथूनच सुरू करू.

प्रश्न: ताई, मी लॉकडाऊनमध्ये भरतकाम शिकले. साखळी, लेझी डेझी, फ्रेंच नॉट सगळं जमतं. पण पान भरायला घेतलं की कड करवतीच्या दातासारखी येते. तीनदा उसवलं. पेन्सिलीच्या रेषेवरच सुई घालते तरी असं का होतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, "पेन्सिलीच्या रेषेवरच". पेन्सिलीची रेघ आपल्याला बारीक वाटते पण सुईच्या टोकापुढे ती चांगली रुंद असते, त्यामुळे एक टाका रेघेच्या आतल्या अंगाला उतरतो, पुढचा मधोमध, त्याच्या पुढचा बाहेरून, आणि तेच दात दिसतात. सुईला टेकायला काहीतरी पक्कं हवं. म्हणून भरायच्या आधी त्या रेघेवरून अख्ख्या पानाला बारीक उलटी टीप (बॅकस्टिच, म्हणजे प्रत्येक टाका मागे वळून आधीच्या टाक्याच्या टोकाला भिडवायचा) घालून घ्या, दोऱ्याच्या एकाच पदराने, त्याच रंगात. किंवा स्प्लिट स्टिच घाला, म्हणजे पुढचा टाका काढताना आधीच्या टाक्याच्या पोटातूनच सुई वर आणायची, ही कड आणखी गुळगुळीत येते. मग भरताना सुई वर येईल तीही या टिपेच्या बाहेरच्या अंगाला चिकटून आणि खाली जाईल तीही बाहेरूनच, फक्त सुईचं टोक किंचित आतल्या बाजूला कललेलं. टीप पूर्ण झाकली जाते, ती दिसतच नाही, पण भरावाला तिचा आधार मिळतो आणि कड किंचित उचललेली, घोटीव दिसते. ही दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका, मी आजही वाचवत नाही.

आता सुरुवात कुठून करायची. बहुतेक जणी पानाच्या टोकाकडून करतात आणि तिथेच अडकतात, कारण टोकाला टाका इतका लहान असतो की तिरपा झालाय की सरळ ते कळतच नाही, आणि पहिल्या टाक्याची दिशा चुकली की पुढचे सगळे त्याच्या मागे जातात. तुम्ही मधून सुरू करा. समजा पान तीन सेंटिमीटर लांब आणि मधे एक सेंटिमीटर रुंद आहे, तर जिथे ते सगळ्यात रुंद आहे तिथे पहिला टाका घाला, तिथून टोकाकडे भरत जा, टोक झालं की कापड उलटं करून दोरा मागच्या टाक्यांखालून सरकवत परत मध्यावर आणा आणि देठाकडचा अर्धा भाग भरा. तिरपे टाके हवे असतील तर पेन्सिलीने पानात चार-पाच तिरप्या रेघा आधीच मारून ठेवा, नाहीतर काय होतं, भरता भरता तिरपा टाका हळूहळू आडवा होत जातो, आपल्या लक्षातही येत नाही आणि टोकाला पोचतो तेव्हा दिशा पार बदललेली असते.

आणखी एक, सुई नेहमी एकाच बाजूने वर काढायची आणि समोरच्या बाजूने खाली घालायची. डावीकडून वर, उजवीकडे खाली, मागून परत डावीकडे. म्हणजे मागची बाजूही पुढच्यासारखीच भरत जाते आणि प्रत्येक टाक्याला ताण सारखा मिळतो. मधेच दोरा वाचवायला बाजू बदलली की तो टाका वेगळा पडतो, कड तिथेच बिघडते. टाका धावदोऱ्यासारखा एका झटक्यात आत-बाहेर करून घ्यायचाच नाही, वर काढा, दोरा पूर्ण ओढा, मग खाली घाला, दोन वेगळ्या हालचाली.

टोकाला आलात की तिथे जागाच नसते आणि आपण दोनाऐवजी पाच टाके कोंबतो, मग टोक जाड, बोथट होतं. शेवटचे दोन टाके टोकाच्या जरा आधीच संपवा आणि अगदी टोकावर एकच टाका, रेघेच्या केसभर पुढे नेऊन. तेवढ्याने पान अणकुचीदार दिसतं.

तीनदा उसवलंत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. फक्त तिसऱ्यांदा उसवल्यावर तोच दोरा परत वापरू नका, तो केसाळलेला असतो, त्याने चांगला टाकाही खराब दिसतो. नवीन दोरा घ्या.

प्रश्न: सहापदरी दोरा अख्खा वापरायचा का? मी अख्खा वापरते म्हणजे लवकर भरून होतं पण ती चमक येत नाही आणि सारख्या गाठी पडतात. (पिंपरी)

उत्तर: अख्खा नका वापरू. बाजारात जी अँकरची लडी मिळते ती 8 मीटरची असते, सहा पदर एकत्र असतात आणि ते सुटे करण्यासाठीच असतात. भरीव टाक्याला दोन पदर, हात बसला की एक. सहा पदरांनी काम लवकर होतं हे खरं पण कड कधीच नीट येत नाही, कारण प्रत्येक टाक्याचं टोकच जाडजूड असतं.

चमक का येत नाही ते सांगते. पदर एकमेकांभोवती पीळ घेऊन पडले तर प्रकाश वेडावाकडा परततो, शेजारी शेजारी सपाट पडले तर सरळ परततो, आणि साटीनच्या कापडासारखी जी झळाळी येते ती त्यामुळेच, टाक्याला नावही त्या कापडावरूनच पडलंय. म्हणून दोन पदर हवेत तर लडीतून दोन एकदम ओढू नका. एका हातात दोरा सैल धरा, एक पदर चिमटीत पकडून सरळ वर ओढा, बाकीचे पाच खाली गोळा होतात, होऊ द्या, हात फिरवला की सरळ होतात. असे दोन पदर वेगवेगळे काढून मग एकत्र जोडून ओवा. टाका घालतानाही दोरा पूर्ण ओढायच्या आधी दुसऱ्या एका जाड सुईने ते दोन पदर शेजारी शेजारी सपाट करून घ्या. सुरुवातीला फार किचकट वाटतं, नंतर बोटांना सवय होते.

गाठींचं म्हणाल तर दोरा लांब घेत असणार तुम्ही. सगळ्यांनाच वाटतं की परत परत ओवायला नको म्हणून हातभर जास्तच घ्यावा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे आपला जुना एक हात, साधारण 45 सेंटिमीटर, एवढाच घ्या. नेढ्यातून आणि कापडातून शंभर वेळा घासून दोरा शेवटी शेवटी बारीक आणि केसाळ होतो, लांब दोऱ्याचं शेपूट तर फारच. आणि दर सात-आठ टाक्यांनी सुई सोडून लोंबकळू द्या, ती गरागरा फिरून पीळ आपोआप काढून टाकते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक हे लक्षात ठेवा, एका पदराला 9 किंवा 10 नंबर, दोन पदरांना 7-8.

प्रश्न: रिंगमध्ये असताना सुंदर दिसतं, रिंग काढली की कापड चुरमुरतं. इस्त्री करूनही जात नाही. (नागपूर)

उत्तर: दोन कारणं असतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदम. एक म्हणजे कापड रिंगमध्ये सैल होतं आणि तुम्ही दोरा घट्ट ओढलात. भरीव टाक्यात शेकडो टाके एकाच दिशेने कापड ओढत असतात, प्रत्येकाने केसभर जरी ओढलं तरी बेरीज बरीच होते. कापड असं ताणा की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं पाहिजे, आणि दोरा कापडावर नुसता टेकेल इतकाच ओढा, खड्डा पडला की जास्त झालं समजा. ताणताना उभ्या आणि आडव्या धाग्यानेच ओढा, कोपऱ्याकडून तिरकं ओढलं तर कापड तिरकं ताणलं जातं आणि सुटल्यावर आकारच बदलतो. गोल वाटोळा भरला होता तो अंडाकृती झाला असं कधी झालंय का तुमचं? ते याच्यामुळे.

आतल्या रिंगला सुती पट्टी घट्ट गुंडाळून टोक शिवून टाका, जुन्या मलमलच्या साडीची फाडलेली पट्टी उत्तम. कापड घसरत नाही मग.

दुसरं कारण कापडच. तुम्ही लिहिलंय की जॉर्जेटच्या ओढणीवर करताय. जॉर्जेट, शिफॉन, पातळ सिल्क यांना भरीव टाका एकट्याने पेलत नाही, मागून मलमल किंवा ऑर्गंडीचा तुकडा धरून दोन्ही कापडांतून टाके घाला आणि झाल्यावर बाहेरचं कापून टाका. शिकत असाल तोवर मांजरपाट, केंब्रिक, पॉपलिन, असलंच काहीतरी घट्ट विणीचं घ्या, आणि आधी पाण्यातून काढून आटवून घ्या. मॅटीवर भरीव टाका नको, तिची वीण जाड असते आणि सुईला धाग्यांच्या मधल्या भोकातच जावं लागतं, मग कड कशी सरळ येणार.

रोज काम संपलं की रिंग काढून ठेवा. इस्त्री करायची तर टॉवेलची जाड घडी घालून त्यावर भरतकामाची बाजू खाली करा आणि मागून करा, म्हणजे टाके चेपत नाहीत.

प्रश्न: मी 67 वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता छान दिसतं. पणतीचं बारसं आहे, तिच्यासाठी झबलं-टोपडं शिवलंय आणि त्यावर बदकं भरायची आहेत. आमच्या वेळेला आम्ही सगळं भरीवच करायचो. पण नातसून म्हणते बाळाला टोचेल. टोचतं का हो? (रत्नागिरी)

उत्तर: काकू, तुमचं पत्र वाचून मला खूप आनंद झाला. नातसुनेचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, टोचण्यापेक्षा अडकण्याची भीती जास्त असते. भरीव टाक्याचा लांब दोरा वर मोकळा असतो, बाळाचं बोट किंवा नख त्यात अडकू शकतं, आणि मागच्या बाजूला गाठी असतील तर त्या कोवळ्या कातडीला घासतात. पण यासाठी बदकं सोडायची गरज नाही.

बदक लहान ठेवा आणि त्याचे तुकडे पाडा, पंख वेगळा, मान वेगळी, पोट वेगळं, कुठलाच टाका पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लांब जायला नको. गाठ कुठेच मारू नका. सुरुवात करताना आकाराच्या आत दोन-तीन इवले धावदोरे घाला, ते भरावाखाली झाकले जातात, आणि संपवताना सुई मागच्या टाक्यांखालून सरकवून दोरा कापा. झबल्याला आतून मऊ मलमलचं अस्तर लावलंत तर प्रश्नच मिटला. अस्तर नको असेल तर एक युक्ती आहे, समोरच्या कडेला सुई खाली घातली की मागून पलीकडे न्यायची नाही, तिथेच एका धाग्यावरून वर काढायची आणि टाका उलट दिशेने घालायचा. त्याने मागे नुसते ठिपके दिसतात, दोरा निम्मा लागतो. सातारच्या ताईंना मी वर अगदी याच्या उलट सांगितलंय कारण या पद्धतीत कड जराशी सैल राहते, पण तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला ती सांभाळता येईल. बदकाच्या डोळ्याला मणी लावू नका मात्र, दोऱ्याचीच इवली फुली ठेवा.

दुपारच्या उजेडात खिडकीशी बसा, आणि रिंग हातात धरण्यापेक्षा टेबलाच्या कडेला टेकवली तर मनगट दुखत नाही.

प्रश्न: आमच्या दादरच्या घराजवळ एक पारशी कुटुंब राहायचं, तिथल्या आजींकडे काळ्या रेशमावर पांढऱ्या फुलापक्ष्यांची साडी होती, त्याला गारा म्हणायच्या. लहानपणी बघितलेली, अजून डोळ्यांसमोर आहे. तो हाच टाका का? मला तसं पान करता येईल का? (सध्या बंगळूर)

उत्तर: हो, मुख्यतः हाच टाका. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करायचे आणि तिथून घरच्या बायकांसाठी रेशमी भरतकाम घेऊन यायचे, त्यातून गारा आला. बगळे, मोर, पॅगोडे, पुलावरची चिनी माणसं, शेवंती, मोठाली पियोनीची फुलं, सगळं भरीव टाक्यात, आणि मधे मधे अगदी बारीक गाठी असतात त्याला खाखा म्हणतात. पारशी लोकांतही लहान मुलांच्या कपड्याला झबलंच म्हणतात आणि त्यावरही असंच चिनी भरतकाम असायचं, मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली, आपल्या झबल्याचा हा असा शेजारी. मुंबईत खरेघाट कॉलनीत पारशी वस्तूंचं अल्पाईवाला संग्रहालय आहे, मुंबईला गेलात तर जरूर जा.

आता पान. गाऱ्याचं पान इतकं रेखीव का दिसतं याचं कारण टाक्यापेक्षा न घातलेल्या टाक्यात आहे. एखादं पान घ्या, त्याच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या भरलेल्या असतात आणि शिर म्हणून काहीही भरलेलं नसतं, तिथे कापडाची एक बारीक पट्टी तशीच उघडी सोडलेली असते. फुलाच्या दोन पाकळ्या जिथे भेटतात तिथेही तसंच. चिनी भरतकामाची ही जुनी रीत आहे. काळ्या रेशमावर ती उघडी पट्टी काळ्या रेघेसारखी दिसते आणि आपल्याला वाटतं पेनाने काढलीय. तुम्ही करून बघा, मधल्या शिरेच्या जागी एक मिलिमीटर अंतर ठेवून दोन समांतर रेघा मारा, पानाचे दोन अर्धे भाग स्वतंत्र आकार समजून टाके शिरेकडे तिरपे उतरतील असे भरा, त्या दोन रेघांच्या मधे सुई अजिबात जाऊ द्यायची नाही. अर्धा भाग अरुंद असल्यामुळे टाकेही आपोआप आखूड होतात, म्हणजे कडही चांगली येते. साध्या केंब्रिकवर, गडद रंगाच्या, पांढऱ्या दोऱ्याने एकपदरी करा, गारा नाही होणार पण तुमच्या आठवणीतलं पान नक्की होईल.

मागची-पुढची बाजू सारखी करण्याची हौस असेल तर हिमाचलातला चंबा रुमाल बघा, बारीक सुती कापडावर पीळ नसलेल्या रेशमाने केलेला, त्याला दोरुखा म्हणतात, कुठली बाजू सरळ ते ओळखूच येत नाही. वर सांगितलेला एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली हाच नियम, फक्त त्यांचा हात इतका तयार की मागे एकही गाठ नाही.

प्रश्न: कमळाची पाकळी चार सेंमी रुंद आहे. भरली पण दोरे लोंबतायत. (कोल्हापूर)

उत्तर: लोंबणारच. भरीव टाका एक सेंटिमीटरपर्यंत छान बसतो, फार तर सव्वा, त्यापुढे दोऱ्याला मधे आधार नसतो, बांगडी लागली, पदर घासला की सुटून येतो. एवढ्या मोठ्या पाकळीला लांब-आखूड टाका वापरा. पहिल्या ओळीत कडेपासून आत एक टाका लांब, एक आखूड, असे आलटून पालटून. दुसऱ्या ओळीपासून सगळे साधारण सारख्याच लांबीचे, पण प्रत्येक टाका आधीच्या ओळीतल्या टाक्याच्या टोकात सुई घालून, दोरा फाडत सुरू करायचा. आतल्या कडा एका रेषेत येत नाहीत म्हणून जोड दिसत नाही आणि रंगही बदलता येतो, बाहेर गडद गुलाबी, आत फिका, तळाशी जवळजवळ पांढरा. कमळाला तर हेच शोभतं.

किंवा पाकळीचे शिरांनुसार तीन-चार उभे भाग पाडा आणि वरच्या उत्तरात सांगितलं तशी मधे बारीक फट ठेवा. माझं मत विचाराल तर उशीच्या अभ्र्यावर हे दुसरंच जास्त टिकतं.

प्रश्न: रुमालावर अक्षर फुगीर कसं करायचं? नुसतं भरलं तर चपटं दिसतंय. (धुळे)

उत्तर: आतून पॅडिंग करा. आकाराच्या कडेला उलटी टीप, आतल्या भागात साखळी टाक्याच्या किंवा जाड धावदोऱ्याच्या ओळी, मधे दाट आणि कडेला विरळ. वरचे भरीव टाके ज्या दिशेने जाणार त्याच्या आडव्या दिशेनेच पॅडिंग, हे महत्त्वाचं, नाहीतर दोरे एकमेकांत बुडतात आणि सगळं परत चपटं. लखनवी चिकनमधली मुर्री बघितलीय का, तांदळाच्या दाण्यासारखी, तीही अशीच टाक्यावर टाका चढवून फुगवलेली असते.

प्रश्न: पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल गुलाब भरला, धुतल्यावर भोवती गुलाबी डाग पसरला. आता काय? (अकोला)

उत्तर: हे माझ्याही बाबतीत झालंय. बहिणीच्या रुखवतात मांडायला टेबलक्लॉथ केला होता, महिनाभर खपून, दोरा एका दुकानातून सुटा घेतलेला, पक्का आहे म्हणून सांगितलेला, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी धुतला तर सगळे गुलाब पाण्यात उतरले. त्या दिवशी मी एक चूक केली, घाबरून तो उन्हात वाळत घातला. वाळला की डाग बसतो. तुमचं कापड अजून ओलं असेल किंवा डाग ताजा असेल तर थंड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत, कितीही वेळ लागो. गरम पाणी नको, इस्त्री तर अजिबात नको. पुढच्या वेळी लाल, मरून, काळा, गडद निळा असे दोरे आधी तपासा, वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा, रंग लागला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर घ्यायचाच नाही.

प्रश्न: मी मुलगा आहे, इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहतो. आजीची रिंग घेऊन आलोय आणि भरतकाम शिकतोय. रूममेट हसतात. तुमच्या सदरात मुलांचे प्रश्न घेता का? (पुणे)

उत्तर: अरे घेते ना! आणि तू मनावर घेऊ नकोस. काश्मीरची सोझनी शाल कित्येक पिढ्या पुरुषांच्याच हातून भरली गेलीय, जरदोजीचे कारागीर बहुतेक पुरुषच असतात, तासन् तास अड्ड्याशी, म्हणजे कापड ताणून बांधलेल्या लाकडी चौकटीशी, पाय दुमडून बसून काम करतात. रूममेटना हे सांगितलंस तर ठीक, नाही सांगितलंस तरी तुझं पान भरून झालं की तेच बघायला येतील.

इंजिनिअरिंगचा आहेस तर तुला एक गोष्ट पटकन कळेल, समांतर टाक्यांमधलं अंतर म्हणजे दोऱ्याची जाडी, त्याहून कमी ठेवलंस तर टाके एकमेकांवर चढतात, जास्त ठेवलंस तर कापड डोकावतं. पहिला आकार म्हणून पान किंवा फूल नको, एक सेंटिमीटर रुंद, तीन सेंटिमीटर लांब साधी पट्टी काढ. ती जमली की मग पान. मग वाटोळा, कारण वाटोळा सगळ्यात अवघड, तो मध्यावर उभा टाका घालून आधी उजवा अर्धा, मग डावा अर्धा असा भरायचा. आजीला फोटो पाठव तुझ्या पट्टीचा.

प्रश्न: मी न्यू जर्सीला असते. माझ्या आजीला, मुंबईला, उशीचा अभ्रा पाठवायचाय आणि त्यावर मराठीत "आजी" असं भरायचंय. इंग्लिश अक्षरांचे व्हिडिओ खूप आहेत, देवनागरीचं काहीच सापडत नाही. शिरोरेषा आधी की अक्षर आधी? वेलांटी वळताना टाके एकमेकांवर चढतायत.

उत्तर: सगळ्यात शेवटी ठेवला हा प्रश्न, कारण मला यावर मनसोक्त लिहायचं होतं.

आधी अक्षराचा आकार. अक्षरं किमान चार सेंटिमीटर उंच घ्या, त्याहून लहान असतील तर भरीव टाका नको, उलटी टीपच बरी दिसते. आणि कॉम्प्युटरचा फॉन्ट जसाच्या तसा छापू नका. बोरूने काढलेलं अक्षर बघितलं असेल, रेघ कुठे जाड, कुठे निमुळती होत जाते, तसं जाड-बारीक अक्षर हाताने काढा, जाड जागी पाच मिलिमीटर, बारीक जागी दीड-दोन. भरीव टाक्याला रुंदी बदलत गेलेली फार आवडते, त्यात त्याची चमक खेळते. खिडकीच्या काचेवर कागद आणि वर कापड धरून फिक्या पेन्सिलीने उतरवून घ्या.

टाका नेहमी रेघेच्या आडवा घालायचा. म्हणजे काना उभा आहे तर त्यात टाके आडवे, शिरोरेषा आडवी आहे तर तिच्यात टाके उभे. आता जिथे काना शिरोरेषेला भेटतो तिथे दोन दिशा एकमेकींना धडकतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी "आ" चं अंग, मग त्याचा काना, मग "ज", मग वेलांटीचा दांडा. सगळे दांडे शिरोरेषेच्या खालच्या कडेला येऊन बरोबर थांबवा, वर घुसवू नका.

वेलांटीच्या वळणाचं असं आहे की बाहेरची कड लांब असते आणि आतली आखूड, टाके मात्र दोन्हीकडे तेवढेच, मग आत गर्दी होणारच. पंख्याच्या काड्या कशा खाली एकत्र येतात आणि वर पसरतात, तसे टाके ठेवा. बाहेरच्या कडेला शेजारी शेजारी, आतल्या कडेला जवळजवळ एकाच भोकात. तरी गर्दी झाली तर दर तिसरा किंवा चौथा टाका आतल्या कडेपर्यंत नेऊच नका, मधेच सोडा, आणि सुई शेजारच्या टाक्याच्या खाली सरकवून खाली घाला, पुढचा पूर्ण टाका त्याला झाकून टाकतो. बाहेरून काही कळत नाही. वळण सुरू व्हायच्या आधीच टाका थोडा थोडा कलता करत या, एकदम वळवायला गेलात तर तिथे फट पडते. मी वळणात नेहमी पेन्सिलीच्या सहा-सात रेघा आधी मारून ठेवते, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. "ज" च्या गोलाईलाही हेच.

"जी" ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, तिचं वरचं वळण शिरोरेषेच्या आधी पूर्ण करा, शिरोरेषेच्या वरच्या कडेला टेकवून.

मग शेवटी शिरोरेषा. तिला आधी खालून-वरून उलटी टीप, आतून एक ओळ धावदोरा म्हणजे ती बाकी अक्षरापेक्षा जराशी उचलून दिसेल, आणि मग डावीकडून उजवीकडे एका ओढीने भरत जा, मधे दोरा संपणार नाही अशा बेताने नवीन दोरा घेऊन. जिथे खाली काना आहे तिथे शिरोरेषेचा टाका कान्याच्या पहिल्या टाक्याला अगदी चिकटवून, धाग्याइतका त्याच्यावर चढवून उतरवा, जोड नाहीसा होतो. दोन्ही अक्षरांवरून ती सलग जाईल तेव्हा इतका वेळ सुटी सुटी दिसणारी अक्षरं एकदम शब्द होतात, तो क्षण मला अजूनही फार आवडतो. अभ्रा पाठवायच्या आधी एक फोटो या सदरासाठीही पाठवा, मागच्या बाजूचाही.